पूर्णविराम

मुलांना व्याकरण शिकविण्यात माझी २० वर्षे गेली. पण मला व्याकरण शिकविले ते एका उलट्या तिरप्या रेघेने! बॉब बीमर नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९६१ साली ती संगणकाच्या अस्की संकेतावलीत आणली म्हणतात. मला तिने गाठले ते गेल्या वर्षी.

आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या जात्यावरच्या ओव्यांची पुस्तिका नातलगांना द्यावी, असे मनात होते. ओव्या मी एका फाईलीत उतरविल्या. ती फाईल वाचून पाने मांडणारा पायथनचा प्रोग्रॅम कन्येने लिहिला. ओळ मोडायची तिथे ती तिरपी रेघ आणि तिच्यापुढे 'एन' लिहिते, हे मी पाहून ठेवले होते. तीच युक्ती मी फाईलीत वापरली. कागद छापून आला आणि पाहतो तो काय, प्रत्येक ओवीच्या पोटात ती रेघ आणि तो एन! मी कन्येवर कडाडलो, "आजीच्या ओव्यांची तरी थट्टा करू नकोस!"

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझी खूण प्रोग्रॅमच्या मजकुरात होती. तो वाचतानाच संगणक तिची नवी ओळ करून ठेवतो. तुमची फाईल उघडते प्रोग्रॅम चालू झाल्यावर. तेव्हा खूण कुणी उलगडत नाही. दोन अक्षरं, ती दोनच राहतात."

मला पहिलीतले शुद्धलेखन आठवले. गुरुजी "पूर्णविराम" म्हणाले आणि मी वहीत तो अख्खा शब्द लिहिला. आई रागावली नव्हती. "त्याला सांगितलं कुणी होतं?" एवढेच म्हणाली होती.

"मग सगळे रेघ-एन एकदम बदलून टाक," मी म्हणालो.

"आणि कुणाला खरीच रेघ हवी असली तर? ती दोनदा लिहितात. त्यातली दुसरी पुढच्या एनला चिकटेल आणि भलतीकडेच ओळ मोडेल. डावीकडून एकेक अक्षर वाचायचं. रेघ आली की पुढचं अक्षर पाहायचं. एन असेल तर नवी ओळ, रेघच असेल तर एक रेघ. आणि त्या दोघांना ओलांडून पुढे जायचं."

तिने तसे केले. ओव्या सुरेख मांडल्या गेल्या. राहिली होती ती माझी क्षमायाचना. दोन दिवस मी खुणांनीच भागवून पाहिले. तिच्या आवडीचे श्रीखंड आणले, चहासुद्धा करून दिला. पण समोरचा आपली खूण उलगडीलच, असे कुठे आहे? शेवटी सरळ शब्दांत म्हणालो, "चुकलो, बाळ."