टेबलाचे भाडे

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकांवर हटकून जाग येते. या तिथीला पार्वतीने शंकराला फाशांच्या खेळात हरवले, अशी कथा आहे. ती ऐकून एखादा तरी विचारतोच, "म्हणजे सर, आज खेळले तर चालते?" मग मी घसा साफ करतो आणि ऋग्वेदातल्या अक्षसूक्ताकडे वळतो. त्यातला जुगारी बायको दुरावल्याचे, सासूने तोंड फिरवल्याचे दुःख सांगतो आणि शेवटी 'फासे सोड, शेती कर' असा उपदेश ऐकून घेतो. हे शिकवताना माझा आवाज मोठा छान लागत असे. अलीकडे मात्र तो लागत नाही. त्याचे कारण सांगायचे तर माझ्या भाच्याची गोष्ट सांगितली पाहिजे. आणि त्या गोष्टीत दुर्दैवाने माझीही पाती आहे.

आमचे गोंदिया हे राईस मिलचे, विडीचे आणि अपरात्री गाडी बदलणाऱ्या प्रवाशांचे गाव. इथे बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर पूलची तीन टेबले आहेत. माझी बहीण आपला मुलगा वाचनालयात बसतो अशा समजुतीत असताना तो या माडीवर असे. एका संध्याकाळी त्याला कान धरून आणायची कामगिरी माझ्याकडे आली. मी रागाने जिना चढलो आणि दारातच उभा राहिलो. हिरव्या कापडावर वाकलेला तो मुलगा मला ओळखूच येईना. घरी पाण्याचा पेला उचलताना सांडणारा हा पोरगा इथे काठीच्या टोकाला खडू लावत होता तो एखाद्या वैद्याने मात्रा उगाळावी तसा. पांढरा गोळा निघाला, कडेला लागला, परत आला आणि एका रंगीत गोळ्याला हलकेच भोकात पोचवून पुढच्या फटक्यासाठी नेमका हवा तिथे जाऊन थांबला. मी कान धरायचे विसरलो. खाली उतरताना आम्ही दोघांनी चहा घेतला, आणि बहिणीला मी सांगितले, "वाचनालयातच होता."

खोटे बोलण्यासाठी मी मनाशी इतिहासाचा आधार घेतला. स्नूकर हा खेळ जन्मला तो जबलपूरला. 1875 साली नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने तो तिथे काढला, असे मानले जाते. लहानपणी याच जबलपूरच्या दिशेने जाणाऱ्या छोट्या लाईनच्या गाडीत बसून मी बालाघाटला आत्याकडे गेलो आहे. म्हणजे या विद्येचे माहेर आमच्या स्टेशनातून सुटणाऱ्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला! शिवाय पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. स्वतंत्र भारताचा तो पहिला जगज्जेता. एवढे सांगितल्यावर भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, ते हौशी खेळाडूंचं अजिंक्यपद होतं. हौशी म्हणजे पोट भरायला दुसरं काही तरी पाहिजेच."

त्याचे पोट ज्यावर चालत होते तो हिशेब साधा होता. या माडीचा रिवाज असा की, हरणाऱ्याने टेबलाचे भाडे द्यायचे. भाच्याने दोन वर्षांत भाडे दिले नव्हते. वर शंभर-दोनशेची पैज लागे, तीही तोच जिंके. पण यातच सारी गोम होती. महिन्याभरात सगळ्या गावाला कळले की, हा हरत नाही. आणि मग त्याच्याशी कोणी खेळेना. गोंदियाची मुले संपली तेव्हा तो बालाघाट, तुमसर, डोंगरगड फिरून आला. तिथेही दुसऱ्या खेपेला लोक काठी भिंतीला टेकवून म्हणत, "तू बस, आम्ही पाहतो." जगात असा दुसरा कोणता धंदा असेल, जिथे कारागिराचे काम उत्तम झाले की गिऱ्हाईक पळते?

याचे उत्तर त्याला मोबाईलवर सापडले. पोकर हा पत्त्यांचा खेळ. त्यात शहाणा खेळाडू वर्षाच्या अखेरीस पुढे असतो, पण एका संध्याकाळी कोणीही कोणालाही हरवू शकतो. हिरव्या कापडावर नवख्याला पाच मिनिटांत आपली पायरी कळते. पत्त्यांत ती कधीच कळत नाही. तो हरतो आणि नशिबाला दोष देऊन पुन्हा बसतो. "मामा, इथे लोक उठून जात नाहीत," भाचा म्हणाला. हे वाक्य तेव्हा मला मोठे चतुर वाटले. आज त्याची भीती वाटते.

या वाटेने जाणारा तो काही पहिला नव्हता. अमेरिकेत 1973 साली पोकरचा जगज्जेता झालेला पगी पिअर्सन हा पूलच्या अड्ड्यांवर वाढलेला माणूस. फिलाडेल्फियाचा जॉन हेनिगन पूल सोडून पत्त्यांकडे वळला आणि 2018 साली पोकरच्या मानकऱ्यांच्या यादीत जाऊन बसला. स्नूकरचा लाडका जिमी व्हाईट याने 2003 साली इंग्लंडात पोकरची मोठी स्पर्धा जिंकली. ही नावे भाच्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवली. जे याच वाटेने गेले आणि कोणत्याच यादीत आले नाहीत, त्यांची नावे त्याला येत नव्हती. आणि मीही विचारली नाहीत.

2024 च्या दिवाळीत त्याने आईला पैठणी आणली आणि मला एक लोकरी शाल. ती अंगावर घेताना मी कसलाही प्रश्न केला नाही. उलट आठ दिवसांनी, घरात कोणाला न सांगता, मीच त्याच्या हातावर वीस हजार रुपये ठेवले. निम्मा नफा माझा, असे ठरले. सकाळी अक्षसूक्त शिकवणारा आणि रात्री भाच्याला "आज काय झाले?" असे हळूच विचारणारा प्राध्यापक मी होतो. 'मृच्छकटिका'त संवाहक नावाचे एक पात्र आहे. अंग रगडण्याची कला शिकलेला तो माणूस चारुदत्ताच्या पदरी असतो. धन्याला दारिद्र्य आल्यावर तो द्यूतावर जगू लागतो आणि शेवटी कर्जाच्या भीतीने रस्त्यातून पळत सुटतो. मी वर्षानुवर्षे हे पात्र विनोदी म्हणून शिकवले. हातांत कला असलेला माणूस पत्त्यांकडे जातो यात हसण्यासारखे काय आहे, हे मला कोणी विचारले नव्हते.

त्या हिवाळ्यात भाचा बदलला. पूल खेळून येई तेव्हा त्याला भूक लागलेली असे. आता तो रात्री तीनपर्यंत अंथरुणात बसे आणि सकाळी ताटावर बसला तरी त्याचे लक्ष नसे. बहीण मला म्हणाली, "दादा, तू मास्तर आहेस. याला काय झालं ते तुला तरी समजतं का?" मला समजत होते. मी म्हणालो, "परीक्षेचा ताण असेल."

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचा कायदा आला. पैसे लावून मोबाईलवर खेळायचे सगळेच खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद झाले. त्या रात्री भाचा माझ्याकडे एक शंभर पानी वही घेऊन आला. मला वाटले होते, तो रडेल. तो रडला नाही. त्याने वही उघडली. प्रत्येक दिवसाचा हिशेब त्यात होता. शेवटच्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी होते. इतर खेळाडूंकडून जिंकलेली रक्कम हा एक; आणि खेळ चालवणाऱ्याने प्रत्येक डावातून कापून घेतलेला हिस्सा, ज्याला आपल्याकडे नाल म्हणतात, तो दुसरा. दुसरा आकडा मोठा होता.

"मी वाईट नव्हतो खेळत, मामा," तो म्हणाला.

हे खरे होते. तो सगळ्यांना जिंकला होता आणि तरीही हरला होता. माडीवर हरणारा टेबलाचे भाडे देतो. इथे जिंकणाऱ्याचेही भाडे चालू होते, फक्त ते दिसत नव्हते. माझ्या वीस हजारांपैकी बाराशे उरले होते. ते त्याने पाकिटात घालून आणले होते.

मी दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेलो आणि सगळे सांगितले, वाचनालयापासून. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्यानं चुकवलं ते समजू शकते. तू काहून, दादा?" या प्रश्नाला मी चार-पाच उत्तरे तयार केली होती. एकही दिले नाही.

भाचा आता एका राईस मिलमध्ये हिशेब लिहितो. दर महिन्याच्या पाच तारखेला तो मला एक हजार रुपये आणून देतो. मी प्रथम नको म्हटले, तेव्हा बहीणच कडाडली, "घे. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी घे." मी घेतो. पण ते घेताना माझा हात त्याच्या हातापेक्षा जास्त थरथरतो.

गेल्या पाडव्याला ओवाळून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, आज द्यूतप्रतिपदा. एक डाव खेळायचा?" आम्ही माडीवर गेलो. त्याने मला काठी कशी धरायची ते दाखवले आणि पहिला फटका मला दिला. माझा पांढरा गोळा सरळ भोकात गेला. पुढची दहा मिनिटे मी नुसता खडू हातात धरून उभा होतो. त्याचा शेवटचा गोळा पडला तेव्हा मी न सांगता गल्ल्यापाशी गेलो आणि टेबलाचे भाडे मोजून दिले. परत आलो तर तो गोळे पुन्हा त्रिकोणात लावत होता.

"आणखी एक?" त्याने विचारले.

खूप दिवसांनी त्याला भूक लागली होती. आम्ही आणखी एक डाव खेळलो आणि मग जेवायला घरी गेलो.