उजवा हात गळ्यात

नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांचा महिना. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला कळवायचं असतं. यंदा ते कळवायच्या सुमारास माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शेततळ्याच्या पाळीवर पाय घसरला, हातावर पडलो आणि मनगट मोडलं. पण ज्या तळ्यानं पाडलं त्याच्याविषयी वाईट बोलवत नाही. आमच्या देवास जिल्ह्यात नव्वदच्या दशकात शहराला पाणी रेल्वेच्या टाक्यांतून येत होतं आणि गावोगाव बोअर कोरडे पडत होते. २००६ नंतर तेव्हाचे कलेक्टर उमाकांत उमराव शेतकऱ्यांच्या मागे लागले, की आपापल्या शेतात तळी खोदा. या तळ्यांना नाव मिळालं रेवासागर. टोंकखुर्दकडची कितीतरी शेतं त्या पाण्यावर रब्बीचा गहू घेऊ लागली. माझंही तळं त्यातलंच. तेव्हा एका मनगटाची तक्रार काय करायची?

देवासला जाऊन करायची कामं साचली होती. हयातीचा दाखला, बँकेतले पैसे, हाताचा नवा एक्स-रे आणि गव्हासाठी युरिया. उजव्या हातानं करायचं काम असं यात एकच, सही.

शेजारच्या बलाई मोहल्ल्यातला माझ्याच वयाचा एक गडी सोबत निघाला. त्यालाही युरिया हवा होता. मी शाळामास्तर होतो, म्हणून गावात मला सगळे ‘मास्साब’ म्हणतात, तोही म्हणतो. पूर्वी इथून रोडवेजची बस होती. मध्य प्रदेशचं ते महामंडळ २००५ च्या सुमारास गुंडाळलं गेलं. आता खाजगी बस येते आणि तिचा क्लीनर दांडा धरायला एक हात मोकळा आहे का, हे बघूनच आत घेतो. रोडवेजचा कंडक्टर ओळखीचा असे. मास्तर दिसले नाहीत तर फाट्यावर गाडी दोन मिनिटं थांबवी. हे मी बसमध्ये कौतुकानं सांगितलं, तर सोबती म्हणाला, “आमच्यासाठी कधी नाही थांबवली.” त्यावर मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

माळव्यातल्या आम्हा मराठी घरांची सगळी मिजास ओळखीवर होती. पवारांबरोबर धार-देवासला आलेली ही घरं. देवासात तर दोन भावांची दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. दोन राजवाडे, दोन दरबार. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इंग्रज लेखक इ. एम. फॉर्स्टर इथे राहिला आणि त्या कारभारावर त्यानं पुढे पुस्तक लिहिलं. १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विरली, १९५६ मध्ये मध्य भारतही मध्य प्रदेशात गेला. तरी मी नोकरीला लागून देवासला आलो तेव्हा, सत्तरच्या दशकातसुद्धा, म्हातारे विचारत, “तुमचं कुणी थोरल्या पातीत होतं का?” होतं म्हटलं की खोली भाड्यानं मिळे, किराणा उधार मिळे, डॉक्टर आधी बघे.

बँकेतही तसंच. कॅशिअर आमच्याच वळणाचे. पितळी बिल्ला हातात घेऊन बाकावर बसायचं आणि नंबर यायच्या आधीच ते हाक मारायचे. हात मोडला असता तर सहीचा कागद घरी घेऊन आले असते, याची मला खात्री आहे. या खेपेला काउंटरवर पंचविशीतली मुलगी होती, बहुधा बिहारकडची. तिनं माझी डाव्या हाताची सही पाहिली, पडद्यावरची जुनी सही पाहिली आणि अतिशय अदबीनं म्हणाली, “अंकल, यह तो नहीं मिलेगा.” मग नियम सांगितला. सही करता येत नसेल तर अंगठा, आणि दोन साक्षीदार, त्यांतला एक बँकेचा.

शाईचा डबा पुढे आला तेव्हा हात क्षणभर अडला. नव्वदच्या दशकातली साक्षरता मोहीम आठवली. रात्री कंदील घेऊन आम्ही मास्तर मंडळी मोहल्ल्यांतून फिरायचो. ‘अंगठाछाप’ राहू नका, हे आमचं पालुपद. पन्नाशीच्या बाया पाटीवर स्वतःचं नाव गिरवत. एखादीचा ‘र’ उलटा पडे, पण पुढच्या वेळी राशनच्या रजिस्टरात ती अंगठा न देता सही करी, तेव्हा दुकानदार मान वर करून बघे. ते बघणं हीच आमची मजुरी. सोबत आलेला गडीही त्याच वर्गात सही शिकला. आज तो माझ्या मागे उभा होता, आणि बाहेरचा साक्षीदार म्हणून सही त्यानंच केली. अक्षर मोठं, जरा वर चढणारं. बँकेच्या मुलीनं ती तपासली आणि चालेल म्हणाली. माझा अंगठा, त्याची सही. पैसे मिळाले.

हयातीचा दाखला बँकेच्या शेजारच्या कियोस्कवर झाला. तिथल्या पोरानं मोबाइल तोंडासमोर धरला आणि पापण्या मिचकवा म्हणाला. पहिल्यांदा टोपीची सावली आली, दुसऱ्यांदा झालं. जीवन प्रमाण नावाची ही व्यवस्था २०१४ पासूनची, चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय त्यानंतरची. माझे वडील धारला हे काम ट्रेझरीत करत. काळी टोपी, धुतलेलं धोतर, कोटाच्या खिशात पेन्शनचे कागद. सगळे पेन्शनर त्या दिवसांत तिथे जमत, बाकावर बसत, चहा मागवत. यंदा कोण आलं नाही, हेही तिथेच कळे. घरी आल्यावर वडील आईला आधी ते सांगत, मग पेन्शनचं. कियोस्कमध्ये मी आणि तो पोरगा, दोघंच होतो. काम झटकन झालं हे मान्य. पण माझ्याबरोबर निवृत्त झालेल्यांपैकी यंदा कुणाकुणाच्या पापण्या मिचकल्या, ते मला कळायला जागा नाही. सगळ्या बदलांत मला खरी हळहळ वाटते ती एवढ्याचीच.

औषधपाण्याच्या बाबतीत मात्र जुन्या दिवसांचे गोडवे माझ्याकडून कुणी ऐकणार नाही. पोरवयात धारला खंडेराव टेकडीवरच्या एका भिंतीवरून पडून माझं डावं कोपर मोडलं होतं. एक्स-रे काढायला इंदूर गाठावं लागे. तिथलं एम. वाय. हॉस्पिटल तेव्हा नवंच, आणि धारला रेल्वे नव्हती. म्हणून आजोबा मला पहिलवानाकडे घेऊन गेले. त्यानं दोन माणसांना मला धरायला लावलं, हात खेचला, मेदालकडी आणि हळदीचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या. परतताना आजोबांनी मला लाट मशिदीपाशी बसवलं. तिथे परमारांच्या काळातला लोखंडी स्तंभ तीन तुकडे होऊन पडलेला आहे. आजोबा म्हणाले, “याचे तीन तुकडे झाले, तरी तो रडतो का? तुझं तर एकच हाड आहे.” त्या वाक्यानं मी गप्प झालो, हाड मात्र वाकडंच जुळलं. डावा हात आजही पुरता सरळ होत नाही. आणि आता उजवा गळ्यात असताना घास घेण्यापासून बस धरण्यापर्यंत सगळी मदार त्याच वाकड्यावर.

देवासच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तो डॉक्टरांच्या पडद्यावर मी खोलीत पोचायच्या आधी आलेला होता. हाड बरोबर बसलंय, प्लास्टर पुढच्या आठवड्यात कापू म्हणाले. कुठला, कुणाच्या घरचा, कुणी विचारलं नाही. पैसे विचारले. रक्कम ऐकून सोबत्यानं डोळे मोठे केले. तेवढ्या पैशांत पहिलवानानं गावातली सगळी हाडं बांधली असती.

दवाखान्यातून निघून टेकडीच्या बाजूनं चालत आलो. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, लोकांच्या तोंडी मोठी माता आणि छोटी माता. आता वर जायला रोपवे आहे. पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर, ‘भानुकुल’. तिथे आलं की दुखण्याविषयी बोलताना जरा बेतानं बोलावं असं वाटतं. १९४८ मध्ये, चोविशीच्या आत, क्षय घेऊन ते इथल्या कोरड्या हवेत राहायला आले. गाणं बंद. पत्नी भानुमतीबाई देवासात शाळेत शिकवून घर चालवत. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा नवं आणि दुर्मीळ. अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारांनी रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची, फकिरांची, जोग्यांची माळवी गाणी ऐकली आणि काही वर्षांनी उठले ते अधू फुप्फुसाला साजेशी नवी गायकी घेऊन. १९९२ मध्ये गेले, तोवर इथेच राहिले. देवासच्या हवेचं नाव त्यांच्यामुळे झालं. आता कारखाने, ट्रक आणि हमरस्त्याची धूळ यांत कुठला वैद्य फुप्फुसाच्या रोग्याला देवासला पाठवील, असं वाटत नाही.

युरियाच्या दुकानावर रांग होती. २०१८ पासून खत आधारवर मिळतं. यंत्रावर बोट टेकवायचं, नाव निघालं तर पोती. सोबत्याचं बोट पहिल्या झटक्यात लागलं. माझा डावा अंगठा बँकेतल्या शाईनं जांभळा, यंत्राला त्यात रेषाच दिसेनात. उजवा प्लास्टरच्या टोकाला सुजलेला. दुकानदारानं रॉकेलचा बोळा दिला, अंगठा घासला, तरी नाही. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. मागच्या रांगेनं तोवर माझा भरपूर उद्धार केला होता. पैसे फोनवरून दिले, तेही वाकड्या हातानं, नंबर चुकवत. नोटा छापणाऱ्या देवासात खिशातली नोट बाहेर काढायची वेळ आता बसच्या तिकिटापुरती येते.

मी बडबडलो, की पूर्वी सोसायटीत चिठ्ठी टाकली की खत घरी येत असे. सोबत्यानं पोत्यावर बूड टेकलं, विडी पेटवली. म्हणाला, “मास्साब, तुमची चिठ्ठी जायची तेव्हा आम्ही सकाळपासून उन्हात. संध्याकाळी सचिव म्हणायचा, संपलं. आता यंत्र बिघडलं तर तुमचंही बिघडतं, माझंही.” त्याला यात बदला घेतल्याचा आनंद नव्हता. दुपारी जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं तो बोलला. मला उत्तर सुचलं नाही. खरं तर त्या चिठ्ठ्या मी किती सहज लिहीत होतो, तेच आठवत राहिलं.

परतीच्या टेम्पोत पोती त्यानं चढवली, कारण माझ्याकडून होणं शक्य नव्हतं. भाडं कुणी द्यायचं यावर फाट्यापर्यंत वाद चालला आणि तोच जिंकला. पुढच्या आठवड्यात प्लास्टर कापायला पुन्हा देवासला जायचंय. तोही येतो म्हणालाय. त्याची वृद्धापकाळाची पेन्शन तीन महिने अडकलीये आणि अर्ज लिहायला त्याला माझा उजवा हात मोकळा हवाय.