फ्लेक्सचं काम

२००७ च्या दिवाळीत बाबांनी घरी आलेल्या एका काकांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमचा लहाना पुण्याले फ्लेक्सचं काम करते." काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा हजर. "बाप्पा, दहा बाय सहाचा किती घेशीन? पोराचा वाढदिवस आहे, चौकात लावाचा आहे. फोटो आणला मी."

चांदूर रेल्वेत फ्लेक्स म्हणजे चौकात टांगायचा बॅनर, आणि आजही तेच. मी करत होतो ते ॲडोबीचं फ्लेक्स. पण हे काकांना समजावून कसं सांगणार? "काका, ते रिच इंटरनेट ॲप्लिकेशनचं असते." "रिच? म्हंजे महाग असीन मंग," काका म्हणाले आणि फोटो घेऊन परत गेले.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मध्यंतरी गावी घालवलेला एक वीकएंड. पण त्याआधी थोडं जुनं पुराण. टीममधल्या नव्या पोरांना हे सगळं समुद्रमंथनाच्या काळातलं वाटतं, म्हणून सांगतो.

तेव्हा वेबपेज म्हणजे कागद होता. फॉर्ममध्ये जिल्हा बदलला की अख्खं पान पांढरं व्हायचं, सर्व्हरकडे जाऊन यायचं, आणि तोवर वर भरलेलं नाव पुसलं गेलेलं असायचं. यावर इलाज म्हणून मॅक्रोमीडियानं २००२ मध्ये 'रिच इंटरनेट ॲप्लिकेशन' हा शब्द आणला. डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरसारखं चटपटीत वागणारं काहीतरी ब्राउझरमध्ये, आणि तेही फ्लॅश प्लेअरच्या आत. २००४ मध्ये फ्लेक्स आलं. २००५ च्या शेवटी मॅक्रोमीडियाच ॲडोबीनं विकत घेतली. २००६ मध्ये फ्लेक्स २ आलं आणि त्याच वर्षी मी कॉलेजातून थेट त्यात पडलो.

आणि खरं सांगतो, प्रेमातच पडलो. स्क्रीनची मांडणी एमएक्सएमएलच्या टॅगांत लिहायची, वागणूक ॲक्शनस्क्रिप्टमध्ये. महिरपी कंसात एका व्हेरिएबलचं नाव टाकलं की तिकडे आकडा बदलला रे बदलला, इकडे स्क्रीनवर आपोआप बदलतो. कंपोनंट, बाइंडिंग, स्टेट्स... आज रिॲक्टमध्ये जे लिहून तुम्ही पगार घेता त्यातलं बरंचसं आम्ही तेव्हा लिहीत होतो. (हे वाक्य मी टीममध्ये महिन्यातून एकदा तरी म्हणतो. पोरं आता ऐकून न ऐकल्यासारखं करतात.)

हापिसात दोन तट होते. एक आमचा, फ्लेक्सवाल्यांचा. दुसरा एजॅक्सवाल्यांचा. त्यांच्याकडे दाखवायला जीमेल आणि गूगल मॅप्स होतं, आमच्याकडे चकचकीत चार्ट आणि ओढून सरकवता येणारी ग्रिड. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिल्व्हरलाइट आणलं, तिकडे सननं जावाएफएक्सची घोषणा केली, आणि कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत भांडणं चालायची. एक शांत सीनियर होता, तो ओपनलाझलो वापरायचा. एकाच सोर्समधून फ्लॅशही काढा आणि साधं एचटीएमएलही काढा, अशी त्याची सोय होती. "दोन दरवाजे असलेले बरे," तो म्हणायचा. आम्ही हसायचो. फ्लॅश प्लेअर तर जगातल्या जवळपास प्रत्येक पीसीवर आहे, दुसरा दरवाजा हवाय कशाला?

त्या दिवाळीत मी माझं ॲप्लिकेशन बाबांना दाखवायला घेतलं. घरी बीएसएनएलचं डायलअप. हातात येणारा वेग सेकंदाला चार-पाच केबी आणि आमचं ॲप्लिकेशन सहाशे केबीचं. दोन मिनिटं बाबा तो लोडिंगचा पट्टा बघत बसले. मग म्हणाले, "हे तं आपल्या पॅसेंजरसारखं आहे. बडनेऱ्याच्या आउटरले उभं."

तर २००८ मध्ये ताई शिक्षणसेविका म्हणून लागली. तालुक्यातल्याच एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिसरी-चौथीच्या पोरांसाठी तिनं माझ्याकडे काहीतरी मागितलं, आणि मी दोन वीकएंड बसून फ्लेक्स ३ मध्ये 'बेरीज-वजाबाकीची गाडी' बनवली. गाडी बडनेऱ्याहून निघते. टिमटाळा, मालखेड, चांदूर, धामणगाव, पुलगाव. प्रत्येक स्टेशनवर काही लोक चढतात, काही उतरतात. आता गाडीत किती? उत्तर बरोबर आलं की शिट्टी वाजते आणि गाडी पुढे जाते. चुकलं की गार्ड लाल झेंडी दाखवतो.

पहिलाच घोटाळा टिमटाळ्याला झाला. फॉन्ट आत एम्बेड केला की फ्लॅश प्लेअर ९ ला देवनागरीची जोडणी जमत नसे. 'टि' लिहिलं की वेलांटी अक्षराच्या आधी जायच्या ऐवजी मागे लोंबायची. 'प्रवासी'मधला 'प्र' फुटून 'प' आणि 'र' वेगळे, मध्ये हलन्त पाय. वेलांटी जागेवर बसवणारं नवं टेक्स्ट इंजिन फ्लॅश प्लेअर १० मध्ये, म्हणजे त्याच ऑक्टोबरमध्ये आलं, पण फ्लेक्सच्या तयार कंपोनंट्समध्ये ते यायला २०१० चं फ्लेक्स ४ उजाडलं. मग मी काय केलं, सगळी स्टेशनं फोटोशॉपमध्ये लिहून चित्रं म्हणून चिकटवली. इंजिनीअर म्हणून लाज वाटली, पण टिमटाळा टिमटाळ्यासारखं दिसायला लागलं.

आणि आवाज बाबांचा. दीडशे रुपयांच्या हेडफोनचा माइक तोंडाशी धरून त्यांनी सगळी स्टेशनं म्हटली. मी सांगितलं होतं फक्त नाव म्हणा. पण बाबाच ते. "टिमटाळा आलं, उतरा बाप्पा." "चांदूर रेल्वे. आपलं गाव आलं. पिशवी इसरू नका." पोरांना बेरजेपेक्षा तेच जास्त आवडायचं, असं ताई सांगायची.

यानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जनं फ्लॅशविरुद्ध ते जाहीर पत्र लिहिलं. नोव्हेंबर २०११ मध्ये ॲडोबीनं मोबाइलवरच्या ब्राउझरसाठी फ्लॅश बनवणं थांबवलं आणि फ्लेक्स अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. मी वर्षभर रुसून बसलो आणि मग मुकाट्यानं जावास्क्रिप्ट शिकलो. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं स्वतःच फ्लॅश चालवायला नकार दिला. सिल्व्हरलाइटचाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. कँटीनमधले दोन्ही पैलवान चीत.

आता शाळेकडे येऊ. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं, तेव्हा डिजिटल शाळांची लाटच आली होती. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव सगळीकडे ऐकू येत होतं. गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. ताईच्या शाळेनंही वर्गणी काढून धड्यांची डीव्हीडी घेतली. तेव्हा असलं साहित्य बहुतेक फ्लॅशमध्येच असायचं. पुण्याच्या हार्बिंजरचं रॅप्टिव्हिटी तर प्रोग्रॅमिंग न करता फ्लॅशचे खेळ आणि प्रश्न बनवता यावेत म्हणूनच निघालं होतं.

शाळेतला जुना पीसी इंटरनेटला कधी जोडलेलाच नव्हता. त्यात जुना प्लेअर होता, आणि जुन्या प्लेअरमध्ये ती मरणाची तारीख लिहिलेली नव्हती. म्हणून जगात फ्लॅश मेलं तरी आमच्या तालुक्यात ते पुढे दोन-तीन वर्षं जिवंत होतं :) मग एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि पीसी जळाला. वर्गणीतून नवा लॅपटॉप आला, अँड्रॉइडचा मोठा टीव्ही आला. डीव्हीडी कॉपी केली, आणि धड्यांच्या जागी राखाडी चौकोन.

शनिवारची सकाळची शाळा होती. ताई मला घेऊनच गेली. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हेच का ते कम्प्युटरवाले सर?" मग माझ्याकडे वळून, "सर, ते ढगाचा धडा कुठी गेला?"

ताईचा प्रश्न त्याहून अवघड होता. "काहून रे, तूच म्हणत होता ना का हे सगळीकडे चालते म्हणून? आम्ही गावातून पन्नास-पन्नास रुपये जमा केले होते."

काय उत्तर देणार? कंपनीनं बंद केलं, हे उत्तर बरोबर आहे. पण ते पन्नास रुपये देणाऱ्या माणसाला सांगून बघा.

डीव्हीडीचं काम तुलनेनं सोपं निघालं. रफल नावाचा एक ओपन सोर्स एम्युलेटर आहे, रस्ट भाषेत लिहिलेला. इंटरनेट आर्काइव्ह २०२० पासून जुनं फ्लॅश त्यावरच चालवतं. तो लॅपटॉपवर टाकला, टीव्हीला केबल जोडली, आणि ढगाचा धडा सुरू. मराठीसुद्धा ठणठणीत, कारण त्या काळच्या कलाकारांनी जुन्या फॉन्टांची अक्षरं रेषांसकट फाइलमध्ये भरून ठेवली होती. ती अक्षरं शोधता येत नाहीत, कॉपी करता येत नाहीत, पण दिसतात मात्र अगदी छान. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ढगासाठी हां, माझ्यासाठी नाही.

मग मी माझी गाडी उघडली. आणि ती लोडिंगच्या पट्ट्यापाशीच अडकली.

यातला विनोद लक्षात घ्या. जुन्या ॲक्शनस्क्रिप्टचं काम रफल जवळपास पूर्ण सांभाळतो. नव्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ चं बरंच सांभाळतो, पण सगळं नाही, आणि फ्लेक्सचा तर सगळा डोलाराच त्यावर उभा. म्हणजे ज्यांना आम्ही 'ॲनिमेशनवाले' म्हणून नाकं मुरडायचो त्यांचे धडे चालले, आणि माझं आर्किटेक्चरवालं ॲप्लिकेशन आउटरला उभं! सोर्स कोड? तो ज्या हार्डडिस्कवर होता ती २०१२ मध्येच गेली.

सुट्टी झाल्यावर पोरं घरी गेली. मी पायरीवर बसून होतो. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात लग्नाच्या कॅसेटी आहेत, त्यात बँडच्या आवाजात ते काहीतरी बोलताना दिसतात, ऐकू येत नाहीत. त्यांचा असा स्वच्छ आवाज फक्त त्या फाइलमध्ये होता.

रात्री घरी जेपेक्स नावाचा डीकंपायलर उतरवला. हाही ओपन सोर्स, कुणीतरी लोकांसाठी बनवलेला. फाइल उघडली आणि डावीकडे यादी आली. चित्रं. स्क्रिप्ट. आवाज. आवाजांत 'बाबा फायनल', 'बाबा फायनल २', 'बाबा फायनल खरंच'. नावं ठेवायची माझी अक्कल २००८ मध्येही इतकीच होती.

एक्स्पोर्ट केलं आणि पहिली फाइल वाजवली. "टिमटाळा आलं, उतरा बाप्पा."

ताई आतून पोळपाट तसाच टाकून आली. आम्ही काही बोललो नाही. तिनंच पुढची फाइल लावली.

रविवारी दिवसभर बसून मी गाडी पुन्हा लिहिली. एक एचटीएमएलची फाइल, साधं जावास्क्रिप्ट, कुठलंही फ्रेमवर्क नाही. ज्या चित्रांची मला लाज वाटली होती ती स्टेशनांची चित्रंही जशीच्या तशी निघाली, पण आता त्यांची गरज नव्हती. ब्राउझरमध्ये वेलांटी आपोआप जागेवर बसते. संध्याकाळी फाइल ताईच्या मोबाइलवर चालली, लॅपटॉपवरही चालली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे फ्रेमवर्क वाईट. तसं अजिबात नाही. फ्लेक्सनं मला विचार करायला शिकवलं, आणि त्यातल्या कल्पना आजही जिवंत आहेत. मेलं ते फक्त एकाच कंपनीच्या प्लेअरच्या पोटात ठेवलेलं सामान. आम्ही कँटीनमध्ये कोण जास्त रिच यावर भांडलो. ती किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे त्या ओपनलाझलोवाल्याशिवाय कुणी विचारलं नाही. आणि रिच म्हणाल तर त्या गाडीत ग्रिड, बाइंडिंग, ट्रान्झिशन सगळं होतं. पण वाचवावीशी वाटली ती दीडशे रुपयांच्या माइकवरची सहा वाक्यं.

तेव्हा मंडळी, सोमवार ते शुक्रवार जे फ्रेमवर्क हापिस सांगेल ते वापरा, मीही तेच करतो. पण आपल्या माणसांसाठी काही बनवलंत तर मजकूर, चित्रं, आवाज कच्च्या स्वरूपात वेगळे ठेवा, सोर्ससकट, दोन ठिकाणी. मी आता ताईच्या पेनड्राइव्हवर ठेवलेत, आणि माझ्याकडेही.

परवा ताईचा फोन आला होता. गाडी चालतेय म्हणाली. फक्त पोरांची एक तक्रार आहे. "ते म्हणतात का सर, गाडी पुलगावलेच काहून थांबते? वर्ध्यापर्यंत नेऊन द्या ना."

नेतो. पुढच्या वीकएंडला. फक्त वर्धा आल्याचं कोण सांगणार, हा प्रश्न आहे. ताई म्हणाली, "तू म्हण. तुहा आवाज त्यायच्यासारखाच आहे आता."