मॅन्युअर आणि मॅनेजर

इंग्रजीचे शब्द पाठ करताना आपली पोरे घायकुतीला येतात. स्पेलिंग घोकायचे, अर्थ घोकायचा आणि परीक्षा झाली की विसरायचे. पण मंडळी, माणसांसारखेच शब्दांनाही घराणे असते, भाऊबंद असतात. मूळ पुरुष सापडला की सारी भावकी ध्यानात राहते.

मी बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. आता शेती बघतो. गेल्या उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखत रानात टाकायचे काम चालले होते. नववीतली नात नाक मुरडून म्हणाली, "आजोबा, मी नाही शेणात हात घालणार. मला बँकेत मॅनेजर व्हायचंय."

मी म्हटले, "जरूर हो, बाई. पण खताला इंग्रजीत मॅन्युअर म्हणतात ना? मॅन्युअर आणि मॅनेजर एकाच घराण्यातले आहेत."

तिला थट्टाच वाटली. मग बांधावर बसून तिला सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

रोमन लोकांची भाषा लॅटिन. तिच्यात 'मानुस' म्हणजे हात. 'हाताने काम करणे' अशा अर्थाचे लॅटिन शब्द फ्रेंचांच्या तोंडी एकजीव झाले. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबाराची नि जमीनदारांची भाषा फ्रेंच झाली आणि असे कितीतरी शब्द इंग्रजीत शिरले. त्यातलाच हा मॅन्युअर. आधी त्याचा अर्थ खत नव्हताच. जमीन कसणे असा होता. कसण्यावरून जमिनीला कस आणणे आणि सोळाव्या शतकात प्रत्यक्ष खतालाच ते नाव पडले.

मॅनेजरचे मूळ 'मॅनेज' हे इटलीकडचे. घोडा हाताळणे, त्याला ताब्यात ठेवणे हा त्याचा पहिला अर्थ. पुढे कारभार हाताळणाऱ्याला मॅनेजर म्हणू लागले.

मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हाताने लिहिलेले. आपले हस्तलिखित तंतोतंत तसेच. मॅन्युफॅक्चर म्हणजे हाताने घडवणे. आज कारखान्यात यंत्रे माल काढतात, पण शब्दातला हात काही गेला नाही. पंपाचा मेंटेनन्स आपण करतो, त्यातही हात आहे: हाताने धरून ठेवणे, सांभाळणे.

याच घराण्यातला एक मोठा शब्द म्हणजे इमॅन्सिपेशन. रोमन कायद्यात वस्तू हातात धरून तिच्यावर मालकी सांगत. त्या मालकीच्या हातातून सुटका, ती ही. अमेरिकेत १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला, तो याच शब्दाने ओळखला जातो.

नातीने विचारले, "मग मॅनेजरमध्ये 'मॅन' म्हणजे पुरुष नाही?"

नाही! तो 'मॅन' वेगळा. तो लॅटिनमधून आलेला नाही; त्याचे नाते आपल्या 'मनु'शी, 'मानव'शी आहे. मॅनेजरमध्ये आहे तो हात, आणि हात काय बाईलाही दोन आणि बाप्यालाही दोनच. हे ऐकून पोरीचा चेहरा खुलला. खताची पाटी तिने उचलली का? नाही. पण आजीच्या शेणाने भरलेल्या हातांकडे बघून नाक मुरडायचे मात्र तिने थांबवले.

आपल्या मराठीतही हाताचे घराणे मोठे आहे. हातभार, हातखंडा, हातमाग, हाताळणे. आपला हत्तीसुद्धा संस्कृतातला 'हस्तिन्', म्हणजे हात असलेला. सोंड हाच त्याचा हात.

पोरे शिकून साहेब होवोत, खुर्चीवर बसोत, आपली तीच इच्छा आहे. पण शिकल्यावर हाताच्या कामाची लाज वाटता कामा नये. म्हणून संध्याकाळी पोरे पुस्तक घेऊन बसली की एखाद्या शब्दाचे मूळ त्यांना शोधायला लावा. मोठा शब्दकोश शाळेत असेल तर गुरुजींना मागा. आणि सुरुवात मॅन्युअरपासूनच करा.