छताला खिडकी

सनरूफ ही काही वर्षांपूर्वीपर्यंत फक्त बड्या लोकांच्या गाड्यांमधली गोष्ट होती. आता तसं राहिलेलं नाही. 2023 साली आलेल्या हुंडाई एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही वरच्या मॉडेलला ते मिळतं. आमच्या इंदुरात लग्नसराईत एखादी चक्कर मारा, उघड्या छतातून हात हलवणारी पोरं दिसतील. मग ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची, पण ठणठणीत गाडी आहे, त्या घरातल्या तरुण मंडळींच्या मनात येतंच : नवी गाडी कशाला, आहे तिलाच सनरूफ बसवून घेतलं तर?

बसवता येतं. बसवून देणारेही आहेत. आमच्या घरात मागच्या उन्हाळ्यात हा विषय निघाला आणि दोन आठवडे चालला. त्यातून जे कळलं, ते आपल्या वाचकांपैकी कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

गाडी माझ्या काकांची. 2013 ची पेट्रोल सेडान, पांढरी. काकांनी ती जिवापाड जपली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काका गेले आणि गाडी काकूच्या नावावर झाली. मालक वारल्यावर वारसाच्या नावे गाडी करायची असेल तर आरटीओत फॉर्म 31 भरावा लागतो; ते काम मीच केलं होतं. चालवतो मात्र माझा चुलत भाऊ. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, नुकताच नोकरीला लागलेला. त्याला गाडी विकून नवी घ्यायची होती. काकू म्हणाली, "मी असेपर्यंत ही गाडी दारातून हलणार नाही." त्यावर त्यानं काढलेला तोडगा म्हणजे सनरूफ. गाडी ठेवायची ना, मग ती थोडी तरी माझी वाटू दे, असं त्याचं म्हणणं. मला फोन आला : "दादा, तू इंजिनिअर आहेस, तूच आईला समजाव."

मी कॉम्प्युटरवाला. पत्र्याशी माझा संबंध डबे उघडण्यापुरता. पण घरात इंजिनिअर म्हटलं की मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं आपल्याकडे येतं, हा अनुभव पुष्कळांना असेल. म्हटलं, आधी बघू तर खरं.

एका शनिवारी आम्ही दोघं गाड्यांची सजावट करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला मिस्त्री जाणता होता. "भिया, दो टाइप का आता है," म्हणत त्यानं दोन्ही प्रकार समजावून सांगितले. पहिला साधा : काचेचं झाकण, हातानं मागून थोडं उचलायचं. दुसरा विजेवर चालणारा, काच आत सरकणारा. पहिल्याचा खर्च कमी. दुसऱ्याची काच छत आणि अस्तर यांच्या मध्ये सरकते, म्हणून आत डोक्यावरची काही जागा जाते. आमचा धाकटा सहा फूट उंच. मागच्या सीटवर त्याचे केस आताच छताला लागतात.

तिथे दुसऱ्या एका गाडीचं काम चालू होतं. तिचं रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर, उतरवलेलं होतं. गाडीचं छत आतून मी पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याला वाटतं, वर एक सपाट पत्रा आहे. तसं नाही. त्या पत्र्याखाली एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेल्या आडव्या पट्ट्या असतात. घराच्या छपराला वासे असतात तशा. दारांवरच्या दोन जाड कडांना त्या बांधून ठेवतात. गाडी उलटली किंवा बाजूनं धडक बसली तर छत किती दबेल, यात या सांगाड्याचा वाटा असतो. कंपनीतूनच सनरूफ घेऊन येणाऱ्या गाडीचं छत मुळात वेगळं बनवलेलं असतं : भोकाभोवती मजबुतीची चौकट दिलेली असते आणि गाडी त्या रचनेसह चाचण्यांतून गेलेली असते. आपण नंतर भोक पाडतो तेव्हा ती चौकट नसते, आणि भोक मोठं असेल तर एखादी आडवी पट्टीही कापावी लागते. नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट : बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग दारांवरच्या कडेनं, अस्तराखालीच घडी घालून ठेवलेल्या असतात. आमच्या गाडीत त्या नव्हत्या. पण ज्यांच्या गाडीत आहेत, त्यांच्या अस्तराला हात लावणं हे साधं काम नाही.

मी मिस्त्रीला विचारलं, पाणी गळतं का? तो हसला. "भिया, पानी तो आएगाच. जाएगा कहाँ से, वो देखो."

हे उत्तर मला फार आवडलं. सरकणाऱ्या सनरूफचं रबर सगळं पाणी अडवतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात थोडं पाणी रबराच्या आत येणार, हे धरूनच रचना केलेली असते. काचेखाली चारी बाजूंनी पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात, पुढच्या काचेशेजारच्या आणि मागच्या खांबांतून खाली उतरतात आणि पाणी गाडीखाली सोडतात. कडुलिंबाच्या काड्या, धूळ, गुलमोहराच्या पाकळ्या त्या नळ्यांत अडकल्या की पाणी तुंबतं आणि आत सीटवर टपकतं. म्हणून ज्यांच्या गाडीला कंपनीचं सनरूफ आहे त्यांनीही पावसाळ्याआधी काच उघडून पन्हळ पुसावी आणि कोपऱ्यात थोडं पाणी ओतून ते खाली गाडीबाहेर पडतंय का हे पाहावं. आम्ही प्रोग्राम लिहिताना हेच करतो : चूक येणारच नाही असं धरत नाही, आली तर ती कुठे जाईल हे आधी ठरवतो. नंतर बसवलेल्या सनरूफमध्ये ह्या नळ्यांना आयती वाट नसते, ती शोधावी लागते. साध्या झाकणात तर पन्हळ आणि नळ्या नसतातच. सगळी भिस्त त्या एका रबरावर. आणि छत किंचित गोलाकार असल्यामुळे ते रबर सगळीकडे सारखं दाबलं जाईलच असं नाही.

शिवाय गंज. छताचा पत्रा कापला की कापलेल्या कडेवर ना जस्ताचा थर उरतो ना रंगाचा. ती कड घासून, प्रायमर मारून, रंग देऊन बंद केली नाही तर गंज तिथूनच सुरू होतो, आणि तो चौकटीखाली झाकलेला असल्यामुळे वर येईपर्यंत कळत नाही.

हे सगळं असूनही चांगल्या हाताचं काम टिकतं, हेही खरं. अमेरिकेत हा मोठा धंदाच होता. जर्मनीहून तिकडे गेलेल्या हाइन्झ प्रेख्टर या तरुणानं 1965 मध्ये अमेरिकन सनरूफ कंपनी काढली, ती लोकांच्या गाड्यांची छतं कापून त्यांत सनरूफ बसवण्यासाठीच. तेव्हा "जमत नाही" हे उत्तर मी धाकट्याला देऊ शकत नव्हतो. मिस्त्रीनं 35 हजार सांगितले आणि तीन दिवस. धाकट्याचा चेहरा खुलला.

त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो, आणि तिथे गोष्ट वेगळीच निघाली. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. सोप्या भाषेत : आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल यांना ठरावीक रीतीनं वाट आहे. जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे लावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182 अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्टिकर किंवा सीट कव्हरची गोष्ट वेगळी. छताचा सांगाडा कापणं त्यात बसत नाही. विम्याचंही तसंच. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दाव्यात अडचण येऊ शकते.

माझी नजर "मालक" या शब्दावर अडकली. गाडी चालवतो धाकटा, हौस धाकट्याची, पैसे धाकट्याचे. पण आरसीवर नाव काकूचं. नोटीस आली तर ती काकूच्या नावानं येणार. ज्या बाईनं नवऱ्याच्या मागे बँक, पेन्शन, घरपट्टी अशी सगळी कागदपत्रं एकेक करून निस्तरली, तिच्या नावावर हे कशाला?

दुसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. काकू आधी म्हणाली, "म्हणजे मला तुरुंगात पाठवायचा बेत होता तर!" आणि हसली. धाकटा हसला नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आई, मी त्या गाडीत बसलो की मला अजून बाबांची परवानगी घेतल्यासारखं वाटतं. सीट मागे सरकवली तरी वाटतं, त्यांनी लावलेली जागा मोडली." काकूला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी दोन आठवडे पत्रा, नळ्या आणि कलमं तपासत होतो, आणि प्रश्न काचेचा नव्हताच. काकूला गाडीत काका हवे होते. धाकट्याला थोडा श्वास घ्यायला जागा हवी होती.

त्या गाडीच्या छताचं अस्तर मागच्या बाजूला सुटून लोंबत होतं. काकांनी ते टाचण्यांनी टोचून ठेवलं होतं, सात-आठ टाचण्या, एका रांगेत. काकूनं कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी ती स्वतः खाली गेली, टाचण्या एकेक करून काढल्या आणि पदराच्या टोकाला बांधल्या. मग म्हणाली, "अस्तर नवं घाल. तुला हव्या त्या रंगाचं. सीटसुद्धा तुझ्या मापानं लाव."

आम्ही त्याच मिस्त्रीकडे गेलो. 35 हजारांचं काम गेलं म्हणून तो नाराज झाला नाही. फिकट राखाडी अस्तर घातलं, आतले दिवे बदलले, मागच्या सीटचा फोम नवा केला. गाडीत शिरलं की आता खरोखर उजेड वाटतो.

गाडीची पंधरा वर्षं 2028 मध्ये भरतील, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण करायचं की नाही ते दोघं मिळून ठरवणार आहेत. धाकट्याची स्वतःची गाडी येईल तेव्हा तिला कंपनीचंच सनरूफ असेल, हे त्यानं आताच जाहीर केलंय. मी एकच अट घातली आहे : चालत्या गाडीत त्यातून कुणीही उभं राहायचं नाही, लहान मुलांना तर मुळीच नाही. ब्रेक लागला की छताची कड पोटात किंवा छातीत बसते, आणि बाहेर असलेल्या माणसाला पट्टा नसतो. ती खिडकी आकाश बघायला आहे.

तोवर, ज्यांच्या मनात जुन्या गाडीचं छत कापायचा विचार आहे त्यांनी मिस्त्रीला भाव विचारण्याआधी आरसी काढून नाव कुणाचं आहे ते पाहावं, आणि ते नाव आईचं किंवा वडिलांचं असेल तर आधी त्यांच्यासोबत एक चहा घ्यावा. आमच्याकडे तरी खरं काम तिथेच झालं.