चांगली कंपनी आणि महाग शेअर



मधल्या सुट्टीत हल्ली पगारबिलाबरोबर शेअरचीही चर्चा रंगते. एआय आलंय, टेक्नॉलॉजीच्या कंपन्या वाढणारच, मग भाव कशाला बघायचा, असं बरेच जण म्हणतात. आपल्यापैकी जे 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आले, त्यातल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही. एनपीएसचा काही भाग शेअर बाजारात जातो, वरून आपली एसआयपी असते. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

एक उदाहरण घ्या. तालुक्याच्या बाजारपेठेत एक गाळा विकायचा आहे. वर्षाचं भाडं 1 लाख. 15 लाखांना मिळाला तर 15 वर्षांत पैसे वसूल. पुढे भाडं वाढेल म्हणून तुम्ही 25 लाखही द्याल. पण मालकानं 1 कोटी 20 लाख मागितले तर? गाळा तोच, जागा मोक्याचीच, पण वसुलीला 120 वर्षं! शेअरचा भाव भागिले एका शेअरमागचा वार्षिक नफा, यालाच पी/ई म्हणतात. साधा भागाकार आहे हो.

आता सिस्को बघा. इंटरनेटसाठी लागणारे राउटर बनवणारी अमेरिकन कंपनी. मार्च 2000 मध्ये ती काही काळ जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी होती. शेअर 80 डॉलरच्या आसपास, पी/ई शंभराच्या वर. इंटरनेट जग बदलणार, असं लोक म्हणत होते. ते खरंच ठरलं! कंपनीही बुडाली नाही, पुढे तिची विक्री दुपटीहून जास्त झाली. तरी 2002 मध्ये शेअर 10 डॉलरच्या खाली आला आणि वीस वर्षं उलटून गेली तरी जुना भाव दिसला नाही. भाकीत बरोबर आलं, पैसे मात्र अडकले.

त्याच काळात नॅस्डॅक निर्देशांक 5048 वरून 1114 वर आला, म्हणजे सुमारे 78 टक्के घट. शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. 100 चे 22 झाले, आता पुन्हा 100 व्हायला 78 नव्हे, जवळजवळ 355 टक्के वाढ लागते. नॅस्डॅकला त्यासाठी 2015 उजाडावं लागलं.

बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्येच पुस्तक लिहून सांगितलं होतं की आधी मोल काढा, मग भाव बघा, आणि दोन्हींत सुरक्षित अंतर ठेवा. ग्रॅहॅमचे विद्यार्थी वॉरेन बफे 1999 मध्ये टेक्नॉलॉजीपासून लांब राहिले, तेव्हा त्यांचा काळ संपला असं बोललं गेलं. पण त्यांच्याच कंपनीनं 2016 पासून ॲपलचे शेअर घेतले, हेही लक्षात घ्या. म्हणजे टेक्नॉलॉजी वाईट, असा याचा अर्थ नाही. आणि पी/ई कमी म्हणजे माल चांगला, असंही नाही. भाकड म्हैस स्वस्तच मिळते.

तुमच्याकडच्या एखाद्या कंपनीचा पी/ई आज वहीत लिहा. तो 120 असेल आणि भाव तोच राहिला, तर 15 वर यायला नफा आठपट व्हावा लागेल. नफा दरवर्षी 26 टक्क्यांनी वाढला, तरी त्याला नऊ वर्षं लागतात. आणि या नऊ वर्षांत तुमच्या शेअरचा भाव एक रुपयाही वाढलेला नसतो.