खोक्यावर १४४, पडद्यावर ६०

संगणकाचा नवा मॉनिटर घ्यायला गेलात तर खोक्यावर एक आकडा हमखास ठळक दिसतो : १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ. हा त्याचा रिफ्रेश रेट. म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने दाखवू शकतो, तो आकडा. आमच्या जयपूरच्या जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्रावर सावली पाहून २ सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगता येते, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने ऐकवतो. तेवढ्या २ सेकंदांत १४४ हर्ट्झचा पडदा २८८ वेळा चित्र बदलतो.

निदान बदलायला हवं. आमच्या घरी ते होत नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाने दीड वर्ष शिकवण्या घेऊन पैसे साठवले आणि जयंती मार्केटमधल्या एका दुकानातून २७ इंची मॉनिटर आणला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गेमही खेळतो, पण ते आईला माहीत नाही अशी त्याची समजूत आहे. मॉनिटर लावला, चित्र सुरेख आलं, पण सेटिंगमध्ये आकडा होता ६०. बदलायला गेला तर यादीत फक्त ६० आणि ७५.

बाबांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "फसवलं तुला. भर ते खोक्यात, उद्या दुकानात जाऊ." बदलून मिळायची मुदत ७ दिवसांची, त्यातले दोन संपलेले. भावाचा चेहरा एवढासा झाला. "ताई, तू जरा बघतेस का?"

मी बीए केलंय ते इंग्रजीत, संगणकात नव्हे. पण रोज लेख लिहून एक सवय लागलीय : भांडायला निघण्याआधी बारीक अक्षरं वाचायची. मॉनिटरची पुस्तिका घेऊन बसले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ६० दिसणं म्हणजे मॉनिटर खोटा असणं नव्हे. नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा स्वतःहून ६० वरच थांबतं, कारण तो सगळीकडे चालणारा आकडा आहे. त्याचं मूळ जुन्या टीव्हीत सापडतं. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथले टीव्हीही त्याच चालीने बांधले गेले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरदर्शनच्या टीव्हीची चाल ५० ची. संगणकांनी पुढे ६० उचलला. तो वाढवायचा तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन स्वतः निवडावा लागतो. बऱ्याच घरांतली तक्रार इथेच मिटते.

आमची मिटली नाही, कारण यादीत १४४ नव्हताच. मग मी हिशेब मांडला. या पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके आहेत, म्हणजे एका चित्रात ३६,८६,४०० ठिपके. सेकंदाला १४४ चित्रं म्हणजे जवळपास ५३ कोटी ठिपके, आणि ते सगळे एका केबलमधून येणार! जोहरी बाजाराचा रस्ता कितीही रुंद असला तरी सांगानेरी गेटच्या कमानींतून एका वेळी मावतील तेवढ्याच गाड्या बाहेर पडतात. इथेही तसंच. एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती सेकंदाला १०.२ गिगाबिट नेते, २०१३ साली आलेली २.० आवृत्ती १८. आमच्या ५३ कोटी ठिपक्यांना पहिली अपुरी पडते, दुसरी पुरते. भोकं बाहेरून मात्र अगदी सारखी दिसतात.

म्हणून संगणक भिंतीपासून ओढला आणि मागे टॉर्च मारला. भावाने सहा महिन्यांपूर्वी ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं, पण मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या जुन्याच भोकात होती. ते भोक १.४ चं. महागाचं कार्ड बिचारं सहा महिने नुसतं बसून होतं.

केबल काढून कार्डाच्या भोकात लावली. यादीत १४४ आला! निवडला, आणि पडदा काळा. थोड्या वेळाने आपोआप परत ६०. आवडलेला बदल आपण पक्का केला नाही तर विंडोज १५ सेकंदांत जुन्या सेटिंगवर जातं, त्यामुळे घाबरायचं कारण नव्हतं.

"बघ, मी म्हणत होतो," बाबा दारातून म्हणाले.

पण आता कार्ड तयार होतं, मॉनिटर तयार होता. राहिली मधली केबल, आणि ती होती आमच्या जुन्या सेट टॉप बॉक्सची. केबल कितपत भार पेलेल हे एचडीएमआयमध्ये संगणकाला आधी कळत नाही. तो १४४ देऊ करतो आणि केबल वाटेत दमते. मग पडदा काळा होतो, लुकलुकतो किंवा त्यावर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात. नव्या खोक्याच्या तळाशी, थर्माकोलखाली, डिस्प्लेपोर्टची केबल पिशवीसकट तशीच पडलेली होती. ती लावली, १४४ निवडला, आणि पडदा तसाच राहिला. भावाने माऊसचा बाण इकडून तिकडे फिरवला, तो लोण्यासारखा सरकला.

बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कीबोर्ड घ्यायला त्याच दुकानात गेले आणि चहा पिऊन आले. उद्या तिथे जाऊन चारचौघांत 'फसवलं' म्हणालो असतो, तर तो शब्द मागे घेणं केबल बदलण्याइतकं सोपं नव्हतं.

तुमच्याकडे असं झालं तर क्रम हाच ठेवा : आधी सेटिंग, मग भोक, मग केबल. मध्ये एखादा ॲडॉप्टर असेल तर तो काढून पाहा. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करा. काही मॉनिटरांत सर्वांत वरचा आकडा पडद्याच्या स्वतःच्या मेनूत आधी चालू करावा लागतो, तोही तपासा. लॅपटॉप असेल तर बॅटरी वाचवायची सोय कधी कधी आकडा खाली आणते, म्हणून चार्जर लावून बघा. एवढं करूनही ६० च राहिला, तर बिल घेऊन खुशाल दुकानात जा. काय काय करून पाहिलं ते सांगितलंत, की दुकानदारही तुमचं म्हणणं लगेच ऐकून घेईल.